पहिलीच्या वर्गात किती मुलं असावीत?

फ्रान्सनं २०१७ साली एक निर्णय घेतला. गरीब वस्त्यांमधल्या, शिक्षणात मागे राहिलेल्या भागांतल्या सरकारी शाळांत पहिलीचे वर्ग निम्मे करायचे. चोवीस-पंचवीस मुलांच्या तुकडीच्या दोन तुकड्या करून प्रत्येकीला स्वतंत्र शिक्षक द्यायचा, म्हणजे एका शिक्षकासमोर बाराच्या आसपास मुलं येतील. पाठोपाठ दुसरीलाही तोच नियम लागू झाला. जिथे खोल्या कमी पडल्या तिथे एकाच खोलीत दोन शिक्षक उभे राहिले, पण निर्णय मागे घेतला गेला नाही. महाराष्ट्रात २०२३च्या सप्टेंबरात शिक्षण विभागानं वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा अशा शाळांचा आकडा पुढे आला तो १४ हजारांहून जास्त होता. त्यांत मुलं सुमारे १ लाख ८५ हजार आणि शिक्षक सुमारे २९ हजार. भागाकार केला तर शाळेमागे बारा-तेरा मुलं आणि दोन शिक्षक. जो आकडा गाठायला एक सरकार तिजोरी उघडतं, तोच आकडा आपल्याकडे शाळा बंद करण्याचं कारण ठरतो.

ही तुलना मोहात पाडणारी आहे, आणि ती निम्मीच खरी आहे. फ्रान्समधली ती बारा मुलं एकाच इयत्तेतली असतात. आपल्या वाडीवरच्या शाळेतली बारा मुलं पहिली ते चौथी किंवा पाचवीत विखुरलेली असतात; पहिलीत तीन, दुसरीत एक, तिसरीत चार अशी. दोन शिक्षकांपैकी एकाकडे मुख्याध्यापकाचा कार्यभार असतो. केंद्राची बैठक, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन भरायची माहिती, निवडणूक जवळ आली की मतदारयादीचं, म्हणजे बीएलओचं काम, हे सगळं त्या दोघांच्याच डोक्यावर. त्यामुळे कमी पटाच्या शाळेत लहान वर्गाचे फायदे आपोआप मिळतात असं म्हणता येत नाही, आणि 'पट कमी असूनही मुलांना येत नाही, म्हणजे लहान वर्गाचा उपयोग नाही' हेही त्यावरून सिद्ध होत नाही. वर्ग लहान असल्यानं मुलाला काय मिळतं, ते कोणत्या वयात मिळतं आणि कशानं हातचं जातं, हे नीट पाहिल्याशिवाय पटाच्या आकड्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की लहान वर्गाचा खरा लाभ पहिल्या दोन-तीन इयत्तांत होतो, तो सगळ्यांत जास्त गरिबाच्या मुलाला होतो, आणि आपण नेमक्या त्याच इयत्तांकडे बघत नाही.

पहिलीच्या वर्गात काय घडतं ते जरा जवळून पाहावं. बाई फळ्यावर 'वड', 'वडा', 'वाडा' लिहितात, छडीचं टोक एकेका शब्दावर ठेवतात आणि पन्नास मुलं एका सुरात म्हणतात. ऐकायला फार छान वाटतं. त्या सुरात दहा-बारा मुलं शेजारच्याचा शब्द अर्ध्या क्षणानं उचलत असतात, दोन-चार नुसते ओठ हलवत असतात, आणि हे बाईंना त्या गलक्यात कळायला मार्ग नसतो. एकेकाला जवळ बोलावून पुस्तकावर बोट ठेवून वाचायला सांगितलं की खरी गोष्ट उघड होते. तोंड 'वाडा' म्हणतं आणि बोट 'वडा'वर असतं. एखादं मूल पान घडाघडा म्हणतं, पण बोट ओळीच्या शेवटाला पोहोचलेलं असतं आणि दोन शब्द म्हणायचे उरलेले असतात, कारण ते वाचत नसतं, पाठ म्हणत असतं. एकाला अक्षरं ओळखता येतात पण काना-वेलांटी जोडता येत नाही. दुसऱ्याचा 'घ' आणि 'ध'मध्ये घोळ आहे. तिसऱ्याच्या घरात कोरकू किंवा गोंडी बोलतात, त्यामुळे त्याला शब्द वाचता आला तरी तो कशाचा शब्द हे माहीत नाही. तिघं तीन जागी अडलेली आहेत आणि तिघांचा उपाय वेगळा आहे. तो उपाय करण्याआधी मूल कुठे अडलंय ते कळावं लागतं, आणि कळण्यासाठी त्याचं वाचणं कुणीतरी एकट्याचं ऐकावं लागतं.

आता वेळेचा हिशेब करू. एका मुलाचं वाचन तीन मिनिटं ऐकायचं म्हटलं तर पंधरा मुलांना पाऊण तास लागतो. तेवढा वेळ रोज काढता येतो. पन्नास मुलांना अडीच तास लागतात, म्हणजे शाळेचा जवळजवळ निम्मा दिवस, आणि तेवढा वेळ बाकीची एकोणपन्नास मुलं काय करणार हा प्रश्न वेगळाच. वह्या तपासण्याचंही तेच. मुलाचं अक्षर उलट्या बाजूनं सुरू होतंय, हे लिहून झालेल्या अक्षरावरून कळत नाही, लिहिताना पाहावं लागतं. मोठ्या वर्गात बाई बरोबरची खूण करून पुढे सरकतात, आणि त्यांना दोष देता येणार नाही. पन्नास जणांना सांभाळणारी बाई नाइलाजानं सगळ्या वर्गाला एकत्र शिकवते, सगळ्यांकडून एकत्र म्हणून घेते, आणि वर्गाचा वेग मधल्या मुलांच्या वेगावर ठरतो. ज्याच्या घरी संध्याकाळी कुणीतरी जवळ घेऊन वाचून घेतं, त्या मुलाचं यात फारसं बिघडत नाही. ज्याच्या घरी तसं कुणी नाही, त्याचं वाचणं कुणीच ऐकत नाही. लहान वर्गाचा फायदा गरिबाच्या मुलाला जास्त का होतो, याचं उत्तर इथेच आहे.

या विषयावरचा सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातून आलेला आहे. १९८५ ते १९८९ या चार वर्षांत तिथल्या ७९ शाळांतल्या ११ हजारांहून जास्त मुलांवर 'स्टार' नावाचा प्रयोग झाला. बालवर्गापासून तिसरीपर्यंत मुलांना आणि शिक्षकांनाही चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन प्रकारच्या वर्गांत वाटलं गेलं: १३ ते १७ मुलांचा लहान वर्ग, २२ ते २५ मुलांचा नेहमीचा वर्ग, आणि नेहमीच्याच आकाराचा पण पूर्णवेळ मदतनीस दिलेला वर्ग. ही वाटणी महत्त्वाची आहे. एरवी लहान वर्गाच्या शाळा बहुतेकदा श्रीमंतांच्या असतात, आणि मुलं पुढे गेली तर ती वर्गामुळे की घरामुळे हे सांगता येत नाही. इथे ती शंका उरली नाही. लहान वर्गांतली मुलं वाचनात आणि गणितात पुढे गेली. किती, तर शंभर मुलांत बरोबर मधोमध असलेलं मूल सात-आठ जागा वर सरकावं इतकी. आकडा डोळे दिपवणारा नाही, पण काळ्या मुलांमध्ये आणि गरीब घरच्या मुलांमध्ये तो अधिक होता. चौथीपासून सगळी मुलं पुन्हा नेहमीच्या वर्गांत गेली, फरक कमी झाला, तरी पुसला गेला नाही. लहान वर्गांतून आलेल्यांमध्ये महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं आढळलं, तेही काळ्या मुलांमध्ये जास्त. प्रत्यक्ष महाविद्यालयात गेलेल्यांचं प्रमाण दोन-तीन टक्क्यांनी अधिक निघालं. सहा-सात वर्षांच्या वयात मिळालेल्या गोष्टीचा माग विसाव्या वर्षापर्यंत लागतो, हे मला त्या सगळ्या आकड्यांहून मोठं वाटतं. पुढच्या कमाईत मात्र स्पष्ट फरक दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

त्याच प्रयोगातली तिसऱ्या प्रकारच्या वर्गांची गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, आणि आपल्याला तीच सर्वांत उपयोगाची आहे. ज्या वर्गांना मदतनीस दिला होता, तिथे कागदावर एका मोठ्या माणसामागे मुलं निम्मी झाली होती. तरी त्या मुलांना जवळपास काहीच फायदा झाला नाही. म्हणजे माणसं आणि मुलं यांचं गुणोत्तर सुधारलं, पण वर्ग तेवढाच राहिला, तर मुलापर्यंत काही पोहोचत नाही. आपल्याकडचा सगळा कारभार या गुणोत्तरावर चालतो. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९०ला तीन, ९१ ते १२०ला चार असा हिशेब आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात हे प्रमाण ३०च्या आत आणि वंचित वस्त्यांत २५च्या आत असावं असं म्हटलं आहे. ऐकायला हे फ्रान्सच्या जवळ जाणारं वाटतं. पण ६० मुलांची, पाच इयत्तांची, दोन शिक्षकांची शाळा डोळ्यांसमोर आणली तर एकाकडे पहिली-दुसरी आणि दुसऱ्याकडे तिसरी, चौथी, पाचवी येते. प्रमाण ३०ला एक. पहिलीच्या मुलाच्या वाट्याला मात्र अर्धाच शिक्षक, कारण उरलेला अर्धा दुसरीचा आहे. दुसऱ्या टोकाला शहरातल्या शाळांत जिल्ह्याची सरासरी कितीही चांगली असली तरी पहिलीची तुकडी पन्नास-साठाची भरते, कारण पालकांची रांग त्याच शाळेच्या दारात लागते. शाळेला किती शिक्षक मिळावेत हे ठरवणारा संचमान्यतेचा तक्ता शिक्षक मोजतो. पहिलीच्या मुलाचं वाचन आठवड्यात किती वेळा ऐकलं गेलं, हे त्या तक्त्यात कुठेच येत नाही.

लहान वर्गाविरुद्धचे आक्षेप हलके नाहीत. अर्थतज्ज्ञ एरिक हानुशेक यांनी वर्षानुवर्षं मांडलं आहे की वर्गाचा आकार आणि मुलांची प्रगती यांचा एकसारखा संबंध संशोधनांत सापडत नाही, आणि तोच पैसा चांगल्या शिक्षकांवर खर्च केला तर अधिक मिळतं. इस्राएलमध्ये वर्गात ४०हून जास्त मुलं झाली की दुसरी तुकडी करायची, असा बाराव्या शतकातल्या मायमोनिडीझ या धर्मपंडिताच्या नावानं ओळखला जाणारा नियम आहे. ४१वं मूल आलं की वर्ग निम्मा होतो. त्या पायरीचा आधार घेऊन १९९९ साली झालेल्या अभ्यासात लहान वर्गांतली पाचवीची मुलं पुढे असल्याचं दिसलं होतं. त्याच संशोधकांनी वीस वर्षांनी नवी आकडेवारी घेऊन पाहिलं तर तो परिणाम सापडला नाही. फ्रान्समध्येही शिक्षण मंत्रालयाच्या स्वतःच्या पाहणीत वाढ दिसली, पण टेनेसीपेक्षा कमी. गणितात जरा बरी, भाषेत त्याहूनही कमी. केनियात २००५ साली गर्दीच्या शाळांना एकेक जादा कंत्राटी शिक्षक देऊन पहिलीचे वर्ग ऐंशीवरून पंचेचाळीसच्या आसपास आणले गेले. नव्या शिक्षकाकडे गेलेली मुलं पुढे गेली. जुन्या, कायम शिक्षकांकडे राहिलेल्यांचा वर्ग तेवढाच लहान झाला होता, तरी त्यांच्यात फरक पडला नाही. जादा माणूस आल्यावर कायम शिक्षक उलट वर्गात कमी दिसू लागले.

मुंबईतला पुरावाही याच बाजूचा वाटतो. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यातल्या पालिका शाळांत 'प्रथम' संस्थेनं 'बालसखी' हा कार्यक्रम चालवला. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं रोज दोन तास वर्गातून बाहेर घ्यायची, पंधरा-वीस जणांच्या गटात वस्तीतलीच दहावी-बारावी शिकलेली मुलगी त्यांना मूळ वाचन आणि गणित शिकवणार, तिला महिना पाचशे-साडेसातशे रुपये. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तपासला. गटात गेलेली मुलं भराभर पुढे गेली, दुसऱ्या वर्षी टेनेसीपेक्षाही जास्त. पण त्या दोन तासांत मूळ वर्गात राहिलेल्या मुलांचा वर्गही लहान झालेला होता, आणि त्यांना त्याचा काही लाभ झाला नाही. त्यावरून वर्गाचा आकार बिनमहत्त्वाचा ठरवणारे पुष्कळ आहेत. मला त्यातून उलटंच दिसतं. बालसखी साठ मुलांसमोर उभी केली असती तर तिला काही करता आलं नसतं. पंधरा-वीस जणांचा गट होता म्हणून कोण कुठे अडलंय हे तिला कळलं, आणि जिथे अडलंय तिथून शिकवण्याचं काम तिला नेमून दिलेलं होतं म्हणून कळल्याचा उपयोग झाला. वर्गात राहिलेल्या शिक्षकाला मुलं कमी मिळाली, पण पुस्तक तेच, धडा तोच, फळ्याकडे तोंड करून शिकवण्याची सवय तीच. केनियातही मिळालेला वेळ वापरला गेला तिथे मुलं शिकली, वापरला गेला नाही तिथे नाही. लहान वर्ग शिक्षकाला वेळ देतो. त्या वेळात एकेका मुलाकडे वळायचं असतं, हे शिक्षकाला कुणीतरी शिकवावं लागतं आणि कुणीतरी पाहावंही लागतं. हानुशेक म्हणतात तो चांगला शिक्षक आणि मी म्हणतो तो लहान वर्ग, हे एकमेकांचे पर्याय आहेत असं मला म्हणूनच पटत नाही. वाचनात मागे पडलेल्या मुलाला ओळखून त्याच्यावर मेहनत घेणारी उत्तम शिक्षिकाही पन्नासाच्या वर्गात ते पाच-सहा जणांसाठीच करू शकते.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण मात्र इशारा म्हणून लक्षात ठेवायला हवं. १९९६ साली त्या राज्यानं बालवर्ग ते तिसरीचे वर्ग साधारण तिसावरून विसावर आणायचं ठरवलं, तेही एकदम, सगळीकडे. वर्षाला अब्जाहून जास्त डॉलर खर्ची पडू लागले. हजारो शिक्षक एकाच वेळी हवे झाले, चांगले शिक्षक गरीब वस्त्या सोडून बऱ्या वस्त्यांतल्या नव्या जागांवर गेले आणि मागे अपुऱ्या पात्रतेची माणसं भरावी लागली. ज्या मुलांसाठी योजना होती त्यांच्याच हातून ती निसटली. आपल्याकडे परिस्थिती थोडी निराळी आहे. डीएड झालेली, टीईटी आणि अभियोग्यता चाचणी देऊन शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेली मुलंमुली हजारोंनी आहेत. पण सगळे वर्ग एकदम लहान करण्याचा हट्ट धरला तर इथेही तेच होईल, आणि पैसा नाही हे उत्तर ठरलेलंच आहे. म्हणून मागणी नेमकी असावी. आठ इयत्तांची, प्रत्येक वर्गात ४० मुलं असलेली शाळा घ्या. सगळे वर्ग निम्मे करायचे तर ८ शिक्षकांच्या जागी १६ लागतात. फक्त पहिली आणि दुसरी निम्मी करायची तर १० पुरतात. टेनेसीचा प्रयोग सांगतो की फायदा याच वयात पक्का होतो. सातवी-आठवीतल्या वर्गाबद्दल तितका ठाम पुरावा माझ्या पाहण्यात नाही, आणि तिथे तीस-पस्तीसचा वर्ग चालवून घ्यायला माझी हरकत नाही.

जपान आणि कोरियातली मुलं मोठ्या वर्गांत शिकून जगात पहिली येतात, हा युक्तिवाद नेहमी केला जातो. जपाननं स्वतः २०२१ साली कायदा बदलून प्राथमिक वर्गाची मर्यादा ४०वरून ३५वर आणायला सुरुवात केली, ती वर्षाला एकेक इयत्ता करत. ज्यांचं उदाहरण आपण देतो त्यांना आपला वर्ग मोठा वाटतो, हे लक्षात घ्यायला हवं. आणि 'आम्ही नाही का साठाच्या वर्गात शिकलो?' हा तर घरोघरचा प्रश्न. शिकलात, खरं आहे. त्या साठांपैकी किती जण दहावीपर्यंत पोहोचले, हे मात्र विचारलं जात नाही, कारण मधेच गळालेली मुलं आज हा प्रश्न विचारायला समोर नसतात. २०२४च्या 'असर' या शैक्षणिक पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी सुमारे २७ टक्क्यांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. आता मुलं शाळेत टिकतात, आणि वाचता न येताच टिकतात. पूर्वी जी गळती पटावर दिसायची ती आता वर्गातच बसलेली असते.

राहिला प्रश्न वाडीवरच्या शाळेचा. समूह शाळेच्या बाजूनं जे बोलतात त्यांचा एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे: इयत्तेत एक किंवा दोनच मुलं असणं चांगलं नाही. गप्पा, भांडण, खेळ, दुसऱ्याचं उत्तर ऐकून आपलं सुधारणं, हे एकट्यानं होत नाही. वर्ग लहान असण्यालाही खालची मर्यादा आहे. पण सहा वर्षांच्या मुलानं घाटातला रस्ता गाडीनं पार करून रोज पाच-सात किलोमीटरवर जायचं, पावसाळ्यात ओढा चढला की घरी बसायचं; असे बुडालेले आठवडे त्याच्या वाचनातून वजा होतात. नियमानंच पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत असायला हवी. दोन्ही गोष्टी सांभाळणारा मार्ग इयत्तांची वाटणी करण्याचा आहे. तिसरीपासून पुढची मुलं समूह शाळेत जाऊ द्यावीत. ती मोठी आहेत, त्यांना सोबत्यांची आणि विषयाच्या शिक्षकांची गरज आहे. पहिली आणि दुसरी वाडीतच, अंगणवाडीच्या शेजारी राहू द्यावी, एका शिक्षकाकडे. मग त्या शिक्षकासमोर चार-पाच इयत्तांऐवजी दोनच इयत्तांची पाच-सहा मुलं उरतात, अंगणवाडीतल्या मुलांची खेळायला सोबत होते, आणि फ्रान्सनं विकत घेतलेला वेळ त्याला जादा पगाराशिवाय मिळतो. त्याची सुट्टी, आजारपण, प्रशिक्षण यांसाठी समूह शाळेनं बदली शिक्षक पाठवण्याची सोय आधी केली पाहिजे, नाहीतर एकशिक्षकी शाळेचं दार त्या दिवशी बंदच राहतं. बीएलओसारखी कामं या शिक्षकाकडे अजिबात देऊ नयेत.

शहरातल्या पन्नासाच्या तुकडीसाठी नव्या खोल्या बांधून होईपर्यंत थांबायचं कारण नाही. पहिली-दुसरीच्या वर्गातली निम्मी मुलं सकाळी एक तास आधी यावीत आणि निम्मी एक तास उशिरा सुटावीत. मधला वेळ सगळ्यांचा एकत्र, आणि दोन्ही टोकांचा एकेक तास पंचवीस मुलांचा, फक्त वाचन-लेखनाचा. शिक्षकाचा दिवस लांबतो, तेवढं त्याचं दुसरं काम कमी करावं लागेल. रिक्षा आणि व्हॅनच्या वेळा बसवाव्या लागतील, नोकरी करणाऱ्या आई-वडिलांची अडचण होईल, आणि दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळांना दुसरी काही व्यवस्था शोधावी लागेल. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानानं २०२६-२७पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे असं ठरवलं आहे. येत्या जूनमध्ये पहिलीत बसणाऱ्या मुलांसाठी ही अर्ध्या वर्गाची तासिका एखाद्या महापालिकेनं निम्म्या शाळांत सुरू करावी, उरलेल्या निम्म्या आहेत तशा ठेवाव्यात, कोणत्या शाळा कुठल्या गटात हे चिठ्ठी टाकून ठरवावं, आणि मार्चमध्ये दोन्हीकडच्या मुलांना एकेक करून जवळ बसवून, पुस्तकावर बोट ठेवायला सांगून, त्यांचं वाचन ऐकावं.